‘घरंदाज’ नटी आणि मालाडचा स्टुडिओ : लीला चिटणीस

मालाड पश्चिमेला ‘बॉम्बे टॉकीज कंपाउंड’ नावाचा एक भाग आहे. लहान कारखाने, गोदामे, गॅरेज, पत्र्याच्या शेड अशी दाटी तिथे आहे. रिक्षावाल्याला नाव सांगितले तर तो बरोबर आणून सोडतो, पण हे नाव कशावरून पडले हे विचारले तर सहसा उत्तर मिळत नाही. १९३४ साली हिमांशू रॉय आणि देविका राणी यांनी इथे, एफ. ई. दिनशा यांच्या प्रशस्त बंगल्याच्या आवारात, बॉम्बे टॉकीज ही कंपनी उभी केली. तेव्हाचे मालाड म्हणजे मुंबईबाहेरचे गाव. ताडामाडांची, भातशेतीची, विहिरींची वस्ती. लोकल गाडीने येऊन स्टेशनवर उतरायचे आणि पुढे टांग्याने किंवा पायी जायचे. त्या आवारात वीस वर्षांत हिंदी सिनेमाची एक संपूर्ण पिढी घडली.

अशोककुमार, दिलीपकुमार, मधुबाला ही नावे त्या पिढीतली. आपल्याकडे त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र १९३९ ते १९४१ या तीन वर्षांत ज्या मराठी बाईच्या नावावर या स्टुडिओची गर्दी जमत होती, त्या लीला चिटणीस यांची ओळख आज फक्त ‘जुन्या सिनेमातली रडणारी आई’ एवढीच उरली आहे. त्यांच्या कारकिर्दीकडे नीट पाहिले तर एका नटीच्या चरित्राहून मोठा प्रश्न समोर येतो. नट्यांच्या जगात ‘घरंदाज’ कोण, हे कोणी ठरवले? आणि ज्या घरंदाज म्हणवल्या गेल्या नाहीत, त्यांचे काय झाले?

धारवाड ते मुंबई

लीलाबाईंचा जन्म ९ सप्टेंबर १९०९ रोजी धारवाडला, एका मराठी ब्राह्मण कुटुंबात झाला. माहेरचे आडनाव नगरकर. वडील इंग्रजीचे अध्यापक आणि ब्राह्मो समाजाच्या विचाराचे. मुलीने शिकावे, जातीपातीचे अवडंबर मानू नये, हे त्यांना मान्य होते. तरी लग्न मात्र लवकरच झाले. डॉ. गजानन यशवंत चिटणीस हे वयाने त्यांच्यापेक्षा बरेच मोठे. या दांपत्याला चार मुलगे झाले. कम्युनिस्ट नेते मानवेंद्रनाथ रॉय १९३० च्या अखेरीस गुप्तपणे हिंदुस्थानात परतले आणि जुलै १९३१ मध्ये मुंबईत पकडले गेले. मधल्या काळात त्यांना ज्या घरांनी आसरा दिला त्यांत चिटणीसांचे घर होते. पकडले गेले असते तर तुरुंगच होता.

पुढे पतिपत्नी वेगळे झाले. चार मुलांची जबाबदारी लीलाबाईंवर आली. त्यांनी शाळेत शिकवले आणि त्याच सुमारास नाटकात पाऊल टाकले. हे दोन्ही व्यवसाय त्यांनी पोटासाठी केले, ही गोष्ट त्यांच्याबद्दल बोलताना विसरली जाते. हौसेखातर रंगभूमीवर आलेल्या सुखवस्तू घरच्या बाईचे जे चित्र पुढे जाहिरातींनी रंगवले, ते या हकीकतीशी जुळत नाही.

रंगभूमीचे दार कोणी उघडले?

१९३३ साली मुंबईत ‘नाट्यमन्वंतर’ ही संस्था निघाली. १ जुलै १९३३ ला ‘आंधळ्यांची शाळा’चा पहिला प्रयोग झाला. के. नारायण काळे, पार्श्वनाथ आळतेकर, केशवराव दाते, श्री. वि. वर्तक ही मंडळी तिच्यामागे होती. स्त्रीभूमिका स्त्रियांनीच करायच्या, रात्र रात्र चालणारे संगीत नाटक सोडून आटोपशीर गद्य नाटक करायचे, हा त्यांचा आग्रह. लीला चिटणीस १९३४ मध्ये या संस्थेच्या ‘उसना नवरा’ या विनोदी नाटकात उभ्या राहिल्या.

मराठी नाट्येतिहासाच्या पुस्तकांत ‘सुशिक्षित स्त्रिया रंगभूमीवर आल्या’ असे या काळाबद्दल लिहिलेले असते. वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे. सुशिक्षित स्त्रिया आल्या त्याआधी तिथे कोणी बाई नव्हतीच असा त्यातून समज होतो. वस्तुस्थिती अशी की, १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी बाई मिळाली नाही आणि तारामतीचे काम साळुंके नावाच्या पुरुषाने केले, हे खरे, पण त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघी पडद्यावर आल्या. संगीत रंगभूमीवर हिराबाई बडोदेकरांनी १९२९ मध्ये आपली स्वतःची मंडळी काढली आणि स्त्री-पुरुष एकत्र काम करतील असा पायंडा घातला. हिराबाई म्हणजे किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांची कन्या. ज्या मराठी प्रेक्षकाने हिराबाईंना ‘गानहिरा’ म्हणून डोक्यावर घेतले, त्याने त्यांच्या वडिलांचे नाव आदराने उच्चारले, पण त्या घराची मुसलमानी बाजू शक्य तितकी मागे ठेवली.

गोहरबाई कर्नाटकी यांच्या वाट्याला तर एवढेही आले नाही. तेव्हाच्या विजापूर जिल्ह्यातल्या बिळगीच्या या गायिका-नटीने १९३८ च्या सुमारास गंधर्व नाटक मंडळीत प्रवेश केला. मंडळी तेव्हा खालावलेली होती. बालगंधर्वांच्या गायकीचा जो ध्यास गोहरबाईंनी घेतला होता त्याला तोड नव्हती. पुढे दोघांचा विवाह झाला. बालगंधर्व पायांनी अधू झाले, उत्पन्न आटले, तरी १९६४ मध्ये मृत्यू येईपर्यंत गोहरबाईंनी त्यांना सांभाळले. मराठी रसिकांच्या बोलण्यात आणि लिहिण्यात मात्र त्या बराच काळ ‘गंधर्वांना नादी लावणारी बाई’ म्हणूनच राहिल्या.

सिनेमातही तेच. उर्दू रंगभूमीवरून आलेल्या फातमा बेगम यांनी १९२६ मध्ये ‘बुलबुल-ए-परिस्तान’ दिग्दर्शित केला. हिंदुस्थानातल्या त्या पहिल्या स्त्री दिग्दर्शक. त्यांची मुलगी जुबेदा १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेल्या ‘आलम आरा’ची नायिका, आणि तिचा नायक आपला मराठी मास्टर विठ्ठल. जद्दनबाईंनी १९३५ मध्ये स्वतःची कंपनी काढून ‘तलाश-ए-हक’ केला आणि त्याचे संगीतही स्वतः दिले. या बायकांनी बदनामी सोसत तो रस्ता मळवला. पुढच्या पिढीतल्या सुशिक्षित बायकांना चालण्याजोगी वाट मिळाली ती त्यांच्या पायांखालून.

‘पदवीधर’ची पाटी

लीला चिटणीस सिनेमात आल्या त्या सागर मूव्हीटोनमध्ये किरकोळ कामे करत. १९३६ मध्ये कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सचा ‘छाया’ आला. दिग्दर्शक मास्टर विनायक, कथा वि. स. खांडेकरांची, खांडेकरांची सिनेमासाठी लिहिलेली ती पहिली कथा. त्यानंतर १९३७ साल महत्त्वाचे. त्या वर्षी काळ्यांनी प्रभातसाठी केलेल्या ‘वहां’त त्या होत्या आणि ‘जंटलमन डाकू’त तर पुरुषी पोशाख घालून सभ्य चोराची भूमिका त्यांनी केली. या सिनेमाच्या जाहिरातीत त्यांचा उल्लेख ‘महाराष्ट्रातील पडद्यावरची पहिली पदवीधर, प्रतिष्ठित घराण्यातील स्त्री’ अशा अर्थाच्या शब्दांत केलेला होता.

ही जाहिरात नीट वाचण्यासारखी आहे. नटीचा अभिनय कसा, गळा कसा, हे त्यात नाही; तिचे घराणे आणि तिची पदवी आहे. प्रेक्षकाला दिलासा दिला जातो आहे की ही बाई ‘तशातली’ नाही. आणि ‘तशातल्या’ म्हणजे कोण, हे सांगण्याची गरज नव्हती. कोठ्यावरून, कलावंतिणींच्या घरांतून, तमाशातून, उर्दू नाटक कंपन्यांतून आलेल्या बायका. त्यांत मुसलमान नावे भरपूर होती. एकीची इज्जत वाढवायची तर दुसरीची कमी करावी लागते, असा हा हिशेब होता. यात लीलाबाईंचा दोष काढता येणार नाही. चार मुलांच्या आईला काम हवे होते आणि कंपन्यांना पाटी हवी होती.

स्वतः लीलाबाईंच्या भूमिका त्या पाटीत मावणाऱ्या नव्हत्या. १९३८ मध्ये सोहराब मोदींच्या ‘जेलर’मध्ये त्यांनी नवऱ्याला सोडून दुसऱ्याबरोबर निघून जाणाऱ्या बायकोचे काम केले. लिखाण कमाल अमरोहींचे, म्हणजे भारदस्त उर्दू. धारवाडची मराठी बाई ती भाषा पडद्यावर बोलली. पुढच्याच वर्षी रणजितच्या ‘संत तुलसीदास’मध्ये विष्णुपंत पागनिसांबरोबर त्या दिसल्या.

मालाडची तीन वर्षे

बॉम्बे टॉकीज हा इतर कंपन्यांपेक्षा वेगळा कारखाना होता. ती मर्यादित भागभांडवलाची कंपनी होती. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन, छायाचित्रकार योसेफ वीर्शिंग अशी जर्मन माणसे तिच्या नोकरीत होती. नटापासून सुतारापर्यंत सर्वांना महिन्याचा पगार, कामाची ठरलेली वेळ, आणि सर्व जातिधर्मांच्या लोकांनी एकत्र जेवायचे कँटीन. त्या काळात हे शेवटचे कलम सोपे नव्हते.

इथेही इज्जतीचा प्रश्न होताच. १९३५ च्या ‘जवानी की हवा’ या कंपनीच्या पहिल्या बोलपटात खुर्शीद आणि माणेक या दोन पारशी बहिणींनी काम केले म्हणून पारशी समाजात मोठे वादळ उठले. शेवटी खुर्शीद ‘सरस्वती देवी’ झाल्या आणि माणेक ‘चंद्रप्रभा’. याच सरस्वती देवी कंपनीच्या संगीत दिग्दर्शक. शरीफ घरची मुलगी आणि सिनेमा यांचे भांडण कोणा एका धर्माचे नव्हते, हे यावरून दिसते. हिंदू, पारशी, मुसलमान या तिन्ही समाजांत या एका बाबतीत कमालीचे एकमत होते.

१९३९ मध्ये ‘कंगन’ आला. साधूवृत्तीच्या माणसाने वाढवलेली खेड्यातली मुलगी आणि जमीनदाराचा मुलगा यांची ती प्रेमकथा. नायक अशोककुमार. चित्रीकरण चालू असतानाच युरोपात महायुद्ध पेटले आणि जर्मन मंडळींना इंग्रज सरकारने ताब्यात घेतले. ऑस्टेन यांचा हिंदुस्थानातला हा शेवटचा सिनेमा ठरला. अशा अडचणीतून बाहेर पडलेला ‘कंगन’ तुफान चालला. मे १९४० मध्ये हिमांशू रॉय वारले. त्यानंतर कंपनी सावरली ती देविका राणींच्या व्यवस्थापनामुळे आणि अशोककुमार-लीला चिटणीस या जोडीच्या सिनेमांमुळे. १९४० मध्ये ‘आझाद’ आणि ‘बंधन’, १९४१ मध्ये ‘झूला’.

या सिनेमांतली आपली गाणी लीलाबाई स्वतःच गायल्या. त्यांचा गळा तयारीचा नव्हता, पण गोड आणि सरळ होता, आणि सरस्वती देवींनी त्याला झेपतील अशाच चाली बांधल्या. अभिनयात त्यांची ताकद डोळ्यांत होती. डोळ्यांनी कसे बोलायचे हे आपण लीला चिटणीसांकडून शिकलो, असे अशोककुमारांनी मोकळेपणाने सांगितले आहे. १९४१ मध्ये लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकणाऱ्या त्या पहिल्या हिंदुस्थानी नटी ठरल्या. तोपर्यंत तो मान विलायती नट्यांचा होता.

एक साधा हिशेब मांडून पाहावा. ‘कंगन’च्या वेळी लीलाबाई तिशीच्या होत्या आणि चार मुलांच्या आई होत्या. अशोककुमार त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान. प्रेक्षकांना यात काही खटकले नाही. त्याच अशोककुमारांनी १९४९ च्या ‘महल’मध्ये सोळा वर्षांच्या मधुबालाबरोबर नायकाचे काम केले. लीलाबाई मात्र त्याच्या एक वर्ष आधीच आई झाल्या होत्या, आणि तीही दिलीपकुमारची.

मालाडचे आपण

१९४० नंतरच्या बॉम्बे टॉकीजच्या इतिहासात मुसलमान नावे इतकी आहेत की ती वेगळी काढायची तर इतिहासच उसवेल. नर्तक मुमताज अली ‘झूला’त लीलाबाईंबरोबर होते; त्यांचा मुलगा मेहमूद ‘किस्मत’मध्ये बालनट म्हणून आला. १९४२ च्या ‘बसंत’मध्ये बेबी मुमताज नावाची छोटी मुलगी होती, तीच पुढची मधुबाला. त्याच ‘बसंत’ची आणि १९४३ च्या ‘किस्मत’ची नायिका मुमताज शांती. ‘किस्मत’ कलकत्त्याच्या रॉक्सीत तीन वर्षांहून अधिक काळ चालला. त्यातला स्त्रीस्वर होता अमीरबाई कर्नाटकींचा. या अमीरबाई म्हणजे गोहरबाईंची सख्खी बहीण. एका बहिणीच्या गाण्यावर सारा हिंदुस्थान डोलत होता आणि त्याच वर्षांत दुसरी मराठी रंगभूमीवर बोल खात होती.

पत्रकार ख्वाजा अहमद अब्बास याच कंपनीच्या प्रसिद्धी खात्यात होते. त्यांच्या कथेवर १९४१ मध्ये ‘नया संसार’ निघाला. फळांच्या व्यापाऱ्याचा मुलगा यूसुफ खान १९४२ मध्ये मालाडला आला, देविका राणींनी त्याला नोकरी दिली आणि दिलीपकुमार हे नाव दिले. १९४७ साली सआदत हसन मंटो इथे कामाला होते. शाहिद लतीफ, इस्मत चुगताई, नझीर अजमेरी, कमाल अमरोही हेही होते. अशोककुमार आणि सावक वाच्छा कंपनी चालवत होते. शहर पेटलेले असताना, स्टुडिओत इतके मुसलमान का ठेवले, अशी धमकीची पत्रे येऊ लागली. मंटोंनी स्वतः ते लिहून ठेवले आहे. अशोककुमारांनी कोणालाही काढले नाही. पण आपल्यामुळे मित्रांवर संकट येते आहे हे मंटोंना सहन झाले नाही आणि जानेवारी १९४८ मध्ये ते पाकिस्तानला गेले. मागे राहिलेल्यांनी त्याच स्टुडिओत ‘मजबूर’, ‘जिद्दी’ आणि ‘महल’ उभे केले. १९५४ च्या ‘बादबान’नंतर कंपनी बंद पडली.

आई

१९४८ मध्ये, मंटो गेले त्याच वर्षी, गोरेगावच्या फिल्मिस्तानचा ‘शहीद’ आला. स्वातंत्र्यासाठी फासावर जाणाऱ्या मुलाचे काम दिलीपकुमारने केले आणि आईचे काम लीला चिटणीसांनी. दोघांच्या वयात तेरा वर्षांचे अंतर. फाळणीच्या रक्तपाताला वर्षही उलटले नव्हते. पेशावरहून आलेला पठाण मुलगा आणि धारवाडची मराठी आई यांना देशभरच्या प्रेक्षकांनी मायलेकरू म्हणून मानले आणि थेटरात रडले. तेरा वर्षांनी, १९६१ मध्ये, दिलीपकुमारने स्वतः निर्माण केलेल्या ‘गंगा जमुना’त पुन्हा त्याच आईला बोलावले.

१९५१ च्या ‘आवारा’तली आई ही त्यांची सर्वांत महत्त्वाची भूमिका असे मला वाटते. कथा-पटकथा अब्बास आणि वि. प. साठे यांची. डाकूने पळवून नेलेल्या बायकोवर संशय घेऊन जजसाहेब तिला गर्भार अवस्थेत घराबाहेर काढतात. शरिफाचा मुलगा शरीफच होणार आणि चोराचा चोरच, हा त्यांचा सिद्धान्त. सगळा सिनेमा हा सिद्धान्त खोडण्यासाठी लिहिलेला आहे. चौदा वर्षांपूर्वी ज्या नटीला ‘प्रतिष्ठित घराण्यातील’ म्हणून विकले गेले, तिनेच घराण्याच्या अहंकाराने रस्त्यावर आणलेल्या बाईचे काम करावे, यात एक न्याय आहे.

तसाच दुसरा सिनेमा १९५८ चा बी. आर. चोप्रांचा ‘साधना’. आजारी आईच्या समाधानासाठी मुलगा एका तवायफला सून म्हणून भाड्याने घरी आणतो. खरे कळल्यावरही शेवटी आईच तिचा स्वीकार करते. ही आई लीला चिटणीस. जद्दनबाई, फातमा बेगम, गोहरबाई यांना मराठी, हिंदी, उर्दू बोलणाऱ्या शरीफ घरांनी जो दरवाजा कधी उघडला नाही, तो पडद्यावर एकदा तरी त्यांच्या हातून उघडला गेला.

१९५५ मध्ये त्यांनी ‘आज की बात’ हा सिनेमा स्वतः दिग्दर्शित केला. ‘नया दौर’, ‘काला बाजार’, ‘हम दोनो’, ‘गाइड’ यांतल्या त्यांच्या आया सर्वांच्या परिचयाच्या आहेत. १९८१ मध्ये ‘चंदेरी दुनियेत’ हे त्यांचे आत्मचरित्र आले. पुढे त्या अमेरिकेला गेल्या आणि १४ जुलै २००३ रोजी कनेटिकट राज्यातल्या डॅनबरी इथे, वयाच्या त्र्याण्णव्या वर्षी, वारल्या. इथल्या वर्तमानपत्रांतून बातम्या आल्या त्यांत ‘सोशिक आई’ एवढाच त्यांचा परिचय होता.

हिशेब आपलाही

लीला चिटणीसांनी आत्मचरित्र लिहिले म्हणून त्यांची हकीकत त्यांच्या शब्दांत उपलब्ध आहे. शिक्षण होते, भाषा होती, प्रकाशक होता. फातमा बेगमनी, गोहरबाईंनी, अमीरबाईंनी असे काही लिहिले नाही. त्यांच्याबद्दल जे लिहिले गेले ते पुष्कळदा इतरांनी, आणि बहुधा चटकदार म्हणून. मराठी नाट्यसमीक्षकांनी त्यांना बाहेर ठेवले ही तक्रार आपण करतो आणि ती रास्त आहे. पण आपल्या समाजाने तरी त्यांना आत कुठे घेतले? मुसलमान कर्तबगार स्त्रियांच्या ज्या याद्या आपल्या शाळांतून, संमेलनांतून वाचल्या जातात, त्यांत शिक्षिका असतात, कवयित्री असतात, बेगमा असतात. नट्या आणि गायिका सहसा नसतात. जे ‘घरंदाज’ या शब्दाने मराठी समाजात केले, तेच ‘शरीफ’ या शब्दाने आपल्याकडे केले. चाळणी एकच, फक्त भाषा वेगळी.

मिरज, कोल्हापूर, विजापूर, बेळगाव, सोलापूर, पुणे आणि मुंबईच्या जुन्या मोहल्ल्यांत अशी घरे आहेत जिथल्या कोणी आजीने, कोणी मावशीने नाटक कंपनीत काम केले होते, ग्रामोफोनवर गाणे भरले होते, सिनेमाच्या घोळक्यात का होईना उभी राहिली होती. त्या घरांतून हे फोटो भिंतीवर लागत नाहीत. ट्रंकेच्या तळाशी असतात, किंवा फाडून टाकलेले असतात. नव्या पिढीला त्या बाईचे नावही माहीत नसते. लीला चिटणीसांसारख्या बाईलाही इतिहासाने तीन वर्षांची नायिका आणि चाळीस वर्षांची आई एवढ्यावर आणून ठेवले असेल, तर ज्यांच्यामागे पदवी नव्हती, घराणे नव्हते आणि आपला समाजही नव्हता, त्यांचे काय उरणार? त्या ट्रंका उघडण्याचे काम दुसरे कोणी येऊन करणार नाही. ज्यांच्या घरात त्या आहेत त्यांनाच ते करावे लागेल, आणि त्या फोटोमागे नाव, गाव आणि साल लिहून ठेवावे लागेल.